लिक्विड गॅस भरल्यावर गाडीचा एसी कॉम्प्रेसर चालू करताना: कुठे थांबायचं, काय हाताने फिरवायचं, किती सेकंद चालवायचं

नाशिकमध्ये अंबडला आमच्या गॅरेजमध्ये गेल्या उन्हाळ्यात एकाच महिन्यात तीन गाड्या आल्या, तिन्हींची तक्रार एकच, गॅस भरून आठ-दहा दिवस झाले आणि आता एसी लावला की खड-खड आवाज येतो, थंडावा नाही. तिन्हींचा गॅस मापात होता, लीक नव्हतं, पंखाही चालत होता. कॉम्प्रेसर खोलला तर आतल्या व्हॉल्व प्लेटच्या पातळ पट्ट्या तुटलेल्या. तिन्ही मालकांना विचारलं की गॅस भरताना नक्की काय केलं, तर गोष्ट तीच निघाली: बाटली उलटी धरली, भराभर गॅस सोडला, लगेच सेल्फ मारला, एसी ऑन आणि वर रेस.

गॅसच्या वजनात आता फारसं कोणी चुकत नाही हो, वजनकाटा आता बऱ्याच जणांकडे असतो. चूक होते ती गॅस भरून झाल्यावर आणि कॉम्प्रेसर पहिल्यांदा फिरायच्या आधी, त्या वीस-पंचवीस मिनिटांत. म्हणून हा लेख जास्त करून त्या वीस मिनिटांबद्दल आहे.

आधी एवढं डोक्यात घ्या

कॉम्प्रेसर वाफ दाबतो. पातळ द्रव दाबला जात नाही, पिचकारीत पाणी भरून पुढचं भोक बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबून बघा, तसंच. आता हिशोब बघा: आर-१३४ए चा १०० ग्रॅम गॅस लिक्विड असताना जेमतेम ८०-८५ मिली जागा घेतो, आणि तोच १०० ग्रॅम सक्शनच्या (म्हणजे कॉम्प्रेसर गॅस आत ओढतो त्या बाजूच्या) प्रेशरला वाफ झाला की सात लिटरच्या आसपास होतो. छोट्या गाडीच्या कॉम्प्रेसरचं एका फेऱ्याचं पोट साधारण ६० ते १२० सीसी असतं, म्हणजे शंभर ग्रॅम लिक्विड आत जाऊन बसलं तरी सगळी पोटं भरली. इंजिन आयडलवर असलं तरी कॉम्प्रेसर सेकंदाला पंधराच्या आसपास फेरे मारतो. पहिल्या सेकंदातच पट्टी तुटते, आवाज मात्र कधीकधी आठवड्याने येतो.

दुसरं नुकसान दिसत नाही पण ते जास्त वाईट: लिक्विड गॅस आतलं तेल धुवून नेतो आणि बेअरिंग कोरडं फिरतं.

हा लेख बेल्टवर चालणाऱ्या, क्लचवाल्या (कॉम्प्रेसरचा शाफ्ट पुलीला जोडणारा-सोडणारा विजेचा क्लच), आर-१३४ए गॅसच्या गाड्यांसाठी आहे. बिनक्लचच्या कॉम्प्रेसरचं चौथ्या टप्प्यात वेगळं सांगतो. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीला कृपया हात लावू नका, तिथे कॉम्प्रेसर जास्त व्होल्टेजवर चालतो, जीवावर बेतू शकतं, आणि त्याचं तेलही वेगळं असतं. नेहमीच्या एसीचं पॅग तेल त्यात गेलं तर विजेची गळती सुरू होते.

टप्पा १: तयारी

हाताशी हवं ते असं: गेज सेट, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, व्हॅक्यूम पंप, डोळ्यांचा चष्मा, जाड हातमोजे, टॉर्च, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवरचा गॅसचा आकडा एका कागदावर लिहिलेला. स्टिकर गेलं असेल तर कंपनीच्या मॅन्युअलमधून आकडा काढा, अंदाज नको. छोट्या गाड्यांना बहुतेक ४०० ते ५५० ग्रॅमच्या मध्ये लागतो, त्यामुळे साडेचारशे ग्रॅमचा एक डबा रिकामा केला म्हणजे झालं असं समजणाऱ्याचा गॅस कधी पन्नास ग्रॅम जास्त जातो तर कधी शंभर कमी.

मोजे आणि चष्मा शोभेचे नाहीत. हा गॅस उघड्यावर उणे २६ डिग्रीला उकळतो, बोटावर पडला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. जागा मोकळी हवेशीर पाहिजे, सर्व्हिस पिटच्या खड्ड्यात काम करू नका कारण गॅस हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो आणि श्वासाला हवा उरत नाही. बिडी-सिगारेट, वेल्डिंग, टॉर्च-बर्नर लांब ठेवा, ज्वाळेत या गॅसचा विषारी आम्लाचा धूर होतो.

अजून एक गोष्ट आत्ताच करून टाका, कारण नंतर घाईत राहून जाते: फ्यूज बॉक्समधून एसी क्लचचा रिले (क्लचला वीज देणारा छोटा स्विच) काढून खिशात ठेवा. रिले खिशात आहे तोवर चुकून कोणी चावी फिरवली आणि एसीचं बटण आधीपासून दाबलेलं असलं तरी कॉम्प्रेसर फिरणार नाही. आमच्याकडे हा नियमच आहे, रिले ज्याच्या खिशात तोच माणूस गाडी चालू करतो.

टप्पा २: व्हॅक्यूम, आणि नाशिकचा २८ चा आकडा

लीक बघून झालं असं धरतो. व्हॅक्यूम कमीत कमी ३० ते ४५ मिनिटं मारा, पावसाळ्यात तासभर. त्याआधी इंजिन दहा मिनिटं चालवून बॉनेटखाली जरा ऊब करून घेतली तर आतलं पाणी लवकर वाफ होऊन निघतं.

इथे नाशिककरांचा एक नेहमीचा घोटाळा सांगतो. पंपाच्या माहितीत लिहिलेलं असतं की काटा ३० इंचाकडे गेला पाहिजे, आणि आपल्याकडे तो २८ च्या अलीकडे-पलीकडे थांबतो. मग पोरं पंपाचं तेल बदलतात, पाईप बदलतात, नवा पंप आणतात. अहो, नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, इथे हवेचाच दाब कमी, त्यामुळे पूर्ण व्हॅक्यूमलाही गेज २८ इंचाच्या जवळपासच दाखवणार. मुंबईचा आकडा इथे मिळणार नाही. २४-२५ वर अडकला तर मात्र लीक किंवा ओल आहे.

तपासणी: दोन्ही व्हॉल्व बंद, पंप बंद, २० मिनिटं थांबा. काटा हलला तर गॅस भरू नका.

सावधान: व्हॅक्यूममध्ये असताना कॉम्प्रेसर कधीही फिरवू नका, "नुसतं बघतो फिरतो का" म्हणून सुद्धा नाही. तेल फिरवायला आत गॅसच नसतो.

टप्पा ३: लिक्विड भरणं, फक्त हाय साईडने, इंजिन बंद ठेवून

लाल पाईप हाय साईड (कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसची बाजू), निळा लो साईड (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसची, म्हणजे सक्शनची बाजू) हे सगळ्यांना माहीत असतं, तरी आर-१३४ए चं हाय साईडचं तोंड मोठं (१६ मिमी) आणि लो साईडचं लहान (१३ मिमी) हे एकदा बघून घ्या, कारण स्वस्तातल्या गेज सेटवर रंगाच्या टोप्या अदलाबदल झालेल्या मी पाहिल्यात.

क्रम असा:

१. बाटली वजनकाट्यावर उलटी ठेवा (आत दांडी असलेला मोठा सिलिंडर असेल तर त्यावर लिहिलेलं वाचा, काही सिलिंडर उभे ठेवूनच लिक्विड देतात). काटा शून्य करा.
२. पिवळ्या (बाटलीपासून गेजपर्यंतच्या) पाईपमधली हवा काढा, म्हणजे गेजच्या बाजूचा नट क्षणभर सैल करून फुस्स झालं की आवळा.
३. निळा व्हॉल्व बंद. लाल हळूहळू उघडा.
४. वजन बघत रहा. आत-बाहेर दाब सारखा झाला की गॅस जायचा थांबतो. कधी सगळा जातो, कधी निम्माच. ठीक आहे, ओढाताण करू नका, उरलेला सहाव्या टप्प्यात वाफेने जाईल.
५. लाल व्हॉल्व पूर्ण बंद. बाटलीचा व्हॉल्वही बंद.

पाचवा मुद्दा परत वाचा. लाल व्हॉल्व उघडा राहिला आणि कॉम्प्रेसर चालू झाला तर हाय साईडचा दोनशे-अडीचशे पीएसआय दाब उलटा बाटलीत जातो आणि पत्र्याचा डबा फुटतो. हातात डबा धरून उभा असलेला माणूस जन्माचा जायबंदी होतो. मी स्वतः बंद केला तरी दुसऱ्याला हात लावून बघायला सांगतो.

हिवाळ्यात इथे एक वेगळी अडचण. डिसेंबर-जानेवारीत सकाळी निफाड, पिंपळगावकडे पारा पाच-सहावर असतो, नाशकात दहाच्या आसपास. दहा डिग्रीला बाटलीत दाब जेमतेम ४५ पीएसआय, मे महिन्यात ३५ ला तोच ११५ च्या आसपास. म्हणून थंडीत गॅस जात नाही आणि मग कोणीतरी बाटलीला टॉर्च लावतो. असं करू नका. कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, हात बुडवून सहज ठेवता येईल इतकंच कोमट, ४० डिग्रीच्या वर नाही.

जर चुकून लिक्विड लो साईडने गेलं असेल

होतं असं. सक्शन पाईप थेट कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असतो, म्हणजे लिक्विड नेमकं नको तिथे जाऊन बसतं. घाबरू नका पण घाईही करू नका. रिले काढलेला आहे ना, मग इंजिन चालू करून १०-१५ मिनिटं आयडलवर ठेवा, बॉनेट लावलेलं, म्हणजे इंजिनच्या उष्णतेने कॉम्प्रेसर गरम होईल आणि आतलं लिक्विड वाफ होऊन थंड बाजूला, कंडेन्सरकडे (गाडीच्या तोंडाशी असलेली एसीची जाळी) किंवा कूलिंग कॉइलकडे (डॅशबोर्डमागची) सरकेल. मग इंजिन बंद, अर्धा तास थांबा, आणि पुढचा टप्पा दुप्पट काळजीने.

टप्पा ४: थांबणं आणि हाताने फिरवणं

हाच तो टप्पा जो सगळे गाळतात.

गॅस भरून झाल्यावर १५ मिनिटं काहीही करायचं नाही. थंडीत अर्धा तास. गिऱ्हाईक घाई करत असेल तर त्याला चहा पाजा. या वेळात कंडेन्सरमधलं लिक्विड एक्स्पान्शन व्हॉल्वमधून (कॉइलच्या तोंडाशी असलेला बारीक भोकाचा व्हॉल्व) कॉइलकडे जातं, दोन्ही गेज सारखे होतात.

आता इथे मोठा गैरसमज आहे. दोन्ही काटे सारखे झाले, ३० डिग्रीला ९५-१०० वर स्थिर झाले, म्हणजे सगळं ठीक असं नाही. सिस्टीममध्ये थोडं जरी लिक्विड असेल तरी दाब तेवढाच दिसतो, मग आत १५० ग्रॅम असो की ५००. त्या आकड्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही आणि लिक्विड कुठे बसलंय ते तर मुळीच कळत नाही. गॅस नेहमी जिथे सगळ्यात गार धातू असेल तिथे जाऊन पातळ होतो, आणि थंडीतल्या सकाळी रात्रभर उभ्या गाडीचा कॉम्प्रेसर म्हणजे गार धातूचा गोळाच की.

म्हणून हाताने फिरवायचं:

१. चावी काढा, खिशात ठेवा. शक्य असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा. पंख्याच्या पात्यात हात जायचा धोका असतो, गरम इंजिनला कंडेन्सरचा पंखा चावी बंद असताना सुद्धा अचानक सुरू होऊ शकतो.
२. क्लचची पुढची प्लेट फिरवायची, पुली नाही. पुली बेल्टवर असते, ती फिरवली तरी आतला शाफ्ट हलत नाही. पुढची प्लेट सुटी फिरली पाहिजे.
३. बेल्ट ज्या दिशेने चालतो त्याच दिशेने फिरवा, बहुतेक गाड्यांत समोरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे.
४. हळू. पहिले दोन फेरे तर अगदी हळू, प्रत्येक पाव फेऱ्याला हाताला काय लागतंय ते बघत. कमीत कमी १० ते १५ फेरे.

हाताला काय लागतं ते नीट समजून घ्या. एकसारखा हलका अडथळा, मऊ मऊ दाब येतो आणि सुटतो, हे बरोबर. मध्येच भिंतीला टेकल्यासारखं घट्ट होतं आणि धरून ठेवलं की दहा-वीस सेकंदात हळूच सुटतं, म्हणजे लिक्विड होतं, ते बाहेर पडतंय, तुम्ही कॉम्प्रेसर वाचवलात. जोर लावूनही सुटत नाही तर पाना लावू नका, परत १५ मिनिटं थांबा, अर्ध्या तासातही सुटलं नाही तर गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या आणि कॉम्प्रेसर खोलून बघा. वाळू भरल्यासारखं कर्रकर्र लागलं तर आत आधीच खराबी आहे, गॅसशी त्याचा संबंध नाही, चालू करून चुरा सगळीकडे पसरवू नका.

बिनक्लचचा कॉम्प्रेसर असेल तर पुढची सुटी प्लेट नसते, पुली फिरली की शाफ्ट फिरतोच. तिथे इंजिनच्या क्रँक नटवर पाना लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिनच्याच दिशेने आठ-दहा फेरे हाताने द्यायचे. या गाड्यांत सेल्फ मारला की एसी बंद असला तरी कॉम्प्रेसर फिरायला लागतो, रिलेचा इथे उपयोग नाही, म्हणून थांबण्याची वेळ इथे जास्त महत्त्वाची.

टप्पा ५: पहिली सुरुवात, पाच-पाच सेकंदांची

चालू करण्याआधी बघा: लाल आणि निळा दोन्ही व्हॉल्व बंद, बाटली बंद, पाईप बेल्टपासून लांब, हत्यारं उचललेली.

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं असेल तर लावा. एसीचं बटण बंद, रिले परत लावा. चारही दरवाजे उघडे, ब्लोअर फुल, टेम्परेचर सगळ्यात थंडवर. दरवाजे उघडे कशाला, तर कॉइलवरून गरम हवा गेली की आतलं लिक्विड तिथेच उकळतं, सक्शनला वाफ येते. ब्लोअर एकवर ठेवून चालू करणं म्हणजे लिक्विड कॉम्प्रेसरकडे जायला वाट मोकळी करून देणं.

इंजिन चालू करा, मिनिटभर आयडल स्थिर होऊ द्या. मग एसी ऑन, पाच सेकंद, ऑफ. वीस सेकंद थांबा. परत पाच सेकंद, ऑफ. असं चार-पाच वेळा. एक माणूस बटणावर, दुसरा बॉनेटजवळ कान देऊन. लो साईडचा काटा प्रत्येक वेळी थोडा खाली आणि हाय साईडचा थोडा वर गेला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर आवाज गुळगुळीत झाला पाहिजे.

लगेच बंद करा जर: खट-खट हातोडीसारखा आवाज आला, क्लच घसरून जळका वास आला, आयडल एकदम पडून इंजिन बंद पडायला लागलं, किंवा हाय साईड ३०० च्या पुढे पळायला लागली. शेवटच्याचं कारण बहुतेक कंडेन्सरचा पंखा बंद असणं हेच असतं, आधी तो बघा.

सगळं नीट असेल तर आता आयडलवर तीन ते पाच मिनिटं सलग चालू ठेवा. रेस नाही. "रेस दिली की लवकर थंड होतं" हे गाडी चालू स्थितीत खरं असेल, पहिल्या पाच मिनिटांत नाही, कारण तेल अजून पूर्ण फिरून परत आलेलं नसतं.

टप्पा ६: उरलेला गॅस, आता वाफेने

बाटली आता सरळ उभी. निळा व्हॉल्व थोडासा उघडा, लाल बंदच. लो साईड ४० पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, थोडा सोडा, बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत. वजनकाट्यावर स्टिकरचा आकडा आला की बंद. पाईपात राहिलेल्या लिक्विडचा हिशोब ठेवा, लांब पाईपात पंचवीस-तीस ग्रॅम सहज राहतो.

चालू कॉम्प्रेसरच्या लो साईडला बाटली उलटी करणारे अजूनही बरेच आहेत, "जरासंच देतो" म्हणून. वरचे पाचही टप्पे नीट केले आणि इथे बाटली उलटी केली तर सगळं पाण्यात. लवकर जात नसेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, पण उभीच.

सक्शन पाईपवर घाम आला म्हणजे गॅस पूर्ण झाला असंही धरू नका, पावसाळ्यात नाशकात अर्ध्या गॅसवरही पाईपला घाम येतो. वजन हाच पुरावा.

आता १५०० आरपीएमला आणून बघा. बाहेर ३५ डिग्री असताना लो साईड साधारण ३० ते ४५, हाय साईड २०० ते २६०, आणि दरवाजे लावून दहा मिनिटांनी मधल्या जाळीतून ६ ते १० डिग्रीची हवा. लो कमी आणि हाय पण कमी म्हणजे गॅस कमी. दोन्ही जास्त म्हणजे गॅस जास्त, हवा राहिली, नाहीतर कंडेन्सर चोंदलाय. लो साईड जास्त, हाय साईड कमी आणि दोघांत फरकच पडत नाही, तर वाईट बातमी, आतल्या पट्ट्या गेल्या असण्याची शक्यता मोठी.

टप्पा ७: गेज काढणं आणि पुढचे दोन दिवस

लाल पाईप चालू एसीवर काढू नका. एसी बंद, इंजिन बंद, पाच-सात मिनिटांनी दाब उतरला की मग काढा, मोजे घालून. दोन्ही टोप्या परत लावा, आतल्या रबरासकट, त्या टोप्याच खरं सील धरतात.

पहिल्या दिवशी गाडी गावात चालवायला सांगा, गंगापूर रोडला एक चक्कर, सिडकोत दोन, लगेच कसारा घाटाला किंवा मुंबईला काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना एसी लावून पहिल्या दहा सेकंदांचा आवाज ऐका, पट्टी अर्धवट चिरली असेल तर ती इथे बोलते. जोडांवर तेलाचा ओलसर डाग आहे का ते टॉर्चने बघा. आणि तारीख, किती ग्रॅम भरला, तेल टाकलं असेल तर किती मिली, हे कागदावर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवा, पुढच्या मेकॅनिकला तोच कागद लागतो.